रपट्यावरचा लाल दिवा

निवृत्त झाल्यापासून रस्त्याने जाताना पाट्यांकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं आहे. जमत नाही. नवरा गाडी चालवत असतो आणि मी शेजारी बसून कुरकुरत असते. वळण संपल्यावर वळणाची पाटी कशाला लावली? शाळेची पाटी बाभळीच्या आड कोणाला दिसणार? गतिरोधकाची पाटी आहे, पण गतिरोधक कुठे आहे? नवरा शेवटी वैतागून म्हणतो, "अगं, तू रिटायर झालीस, रस्ता नाही झाला." मग मी खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बघत बसते, पुढची पाटी येईपर्यंत.

रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात मी अभियंता होते. एकोणीसशे नव्याण्णव साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि मी बदली होऊन इथे आले. नव्या ऑफिसात टेबलं कमी होती, पण कामांची वाटणी जोरात चालली होती. पूल एकाने घेतले, इमारती दुसऱ्याने, डांबराच्या कामांवर तर अनेकांचा डोळा होता. पाट्या कोणालाच नको होत्या. साहेब म्हणाले, "पाट्या मॅडमला द्या, हलकं काम आहे." त्या हलक्या कामाने माझे केस पिकवले.

बाहेरच्या माणसाला पाटी म्हणजे खांबावर ठोकलेला पत्रा वाटतो. ती धोक्यापाशी लावायची नसते, धोक्याच्या अलीकडे लावायची असते, एवढी साधी गोष्ट सांगता सांगता माझी निम्मी नोकरी गेली. किती अलीकडे, ते गाडीच्या वेगावर ठरतं, उतारावर ठरतं आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांवरही ठरतं. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं, संध्याकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या. म्हणून मी प्रत्येक जागा एकदा जीपमधून बघायचे आणि एकदा कोणाच्या तरी ट्रकच्या केबिनमध्ये चढून बघायचे. ट्रकवाले मला चहा पाजायचे आणि पाटी सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलायचे.

गोंदियातला एक पेंटर आमच्या पाट्या रंगवायचा. एकदा उजव्या वळणासाठी त्याने डाव्या वळणाचा बाण काढून पाठवला. मी तक्रार केली तर म्हणतो, "मॅडम, मोड़ तो मोड़ है. सामने से आनेवाले को बराबर दिखेगा." समोरून येणाऱ्याला पाटीची पाठ दिसते, हे त्याला समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. शेवटी त्याने मान डोलावली आणि पाटीच्या पाठीवरही बाण काढून दिला.

आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर 'सावकाश'ची पाटी लावली, तर पुढच्या बाजारी तिच्यावर रिबिनी, मण्यांच्या माळा आणि बांगड्यांचे तोडे लटकले होते. खाली बसलेल्या बाईला म्हटलं, "बाई, हे काढा. गाड्यांना पाटी दिसत नाही." ती माल मांडता मांडता म्हणाली, "मी बसली म्हनून तं गाड्या हळू जातात जी. तुमच्या पाटीनं कोन हळू गेला?" मी माळा काढायला लावल्या. पुढच्या बाजारी त्या परत होत्या.

माझं माहेर सौंदडचं. वडील तिथल्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. फाटक पडलं की सायकलवाले सायकल आडवी करून खालून सरकायचे, आणि वडील रोज त्याच माणसांना त्याच शिव्या घालायचे. लोक थांबत का नाहीत, असं मी त्यांना लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "फाटक लवकर पडते अन् गाडी उशिरा येते, म्हनून." माणूस एकदा फाटकाखालून सुखरूप गेला की पुढे तो कधी थांबत नसे. फाटक खरं बोलतं यावरचा त्याचा विश्वास उडालेला असायचा. हे मला पुढे नोकरीत रोज दिसणार होतं, तेव्हा काही ते कळलं नव्हतं.

दोन हजार दहा उलटल्यावर खात्यात नवं वारं आलं. पाट्या आता एकमेकींशी बोलणार होत्या. म्हणजे असं, की रस्त्यावर धोका आहे त्या जागी एक यंत्र बसवायचं. धोका उभा राहिला की त्याने रेडिओवरून दूरच्या खांबावरचा दिवा लावायचा, आणि शिवाय ऑफिस, बसचं आगार आणि पोलिस ठाणं इथे मोबाइलवर निरोप पाठवायचा. वीज नसली तरी चालेल, वर सोलरची प्लेट. कागदावर सगळं झकास होतं. मला लाल दिव्याचं काम मिळालं असं ऐकून आमच्या मावशीला वाटलं, मला लाल दिव्याची गाडीच मिळाली.

पहिला प्रयोग एका आंधळ्या वळणावर केला. त्यातला एक पिवळा दिवा दिवाळीनंतर नाहीसा झाला. त्या दिवसांत आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटक होतं. एका गावच्या नाटकाला मला पाहुणी म्हणून बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला. आणि खलनायक स्टेजवर आला की बाजूला आमचा पिवळा दिवा लुकलुकत होता. संयोजक अभिमानाने म्हणाले, "मॅडम, इफेक्ट पाहा जी." मी गळ्यात हार घेऊन कपाळाला हात लावला.

दिव्यांचं काम करते म्हटल्यावर माझं नाव लाइटवाली मॅडम पडलं. मग कुठल्याही गावात जीप थांबली की लोक डीपी जळाल्याची तक्रार घेऊन यायचे. मी वीजवाली नाही, असं सांगितलं की म्हणायचे, "मंग कोनती लाइटवाली?"

आता सालईटोल्याचं सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्याच जागेने खाल्ला.

सालईटोला हे गोरेगाव तालुक्यातलं आत वसलेलं गाव. रस्त्यात नाला, नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे बुटका पूल. खाली सिमेंटचे पाइप, वर काँक्रीट, कठडा नाही. पूर आला की पाणी वरूनच जाऊ द्यायचं, अशी त्याची रचना असते. नाल्याच्या वरच्या अंगाला जंगल आणि डोंगर. तिकडे पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असतानाही नाला फुगतो. पाणी रपट्याच्या खाली दिसतं म्हणून माणूस निघतो आणि मध्यावर पोचेस्तोवर ते चाकाला लागतं. तिथून दिवसातून काही फेऱ्या एसटी बस जायची. शाळेची मुलं, दवाखान्यात जाणारे, बाजार करणारे, सगळे त्या एका बसवर होते.

आमचं यंत्र साधं होतं. घराच्या टाकीत पाणी भरल्याचं सांगणारा फ्लोट असतो ना, तसाच एक फ्लोट आम्ही रपट्याच्या बाजूला भोकं पाडलेल्या पाइपात बसवला. नाल्याचं पाणी ठरावीक उंचीला आलं की फ्लोट उचलला जाणार, आणि दोन्ही बाजूंच्या वळणांवरचे लाल दिवे लागणार. दिवे रपट्यापाशी नव्हते, बस वळवता येईल एवढी मोकळी जागा होती तिथे होते. फ्लोटची उंची मी मुद्दाम रपट्याच्या बरीच खाली ठेवली होती, कारण पाणी वर आल्यावर दिवा लागून काय उपयोग?

चाचणी उन्हाळ्यात घेतली. कोरड्या नाल्यात उतरून काठीने फ्लोट वर ढकलायचा आणि वळणावरच्या माणसाने मोबाइलवर सांगायचं, "लागला." वीसदा ढकलला, वीसदा लागला. साहेबांनी फोटो काढून वर पाठवले. जुलैत पुन्हा ढकलला तर लागेना. पुण्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याने पेट्या उघडल्या, वायरी तपासल्या, काही सापडेना. शेवटी कळलं, मधल्या पळस-मोहांना ओली हिरवी पानं फुटली होती आणि रेडिओचा संदेश त्यांतून पलीकडे पोचत नव्हता. मे महिन्यात ती झाडं निम्मी उघडी होती. दिव्यांचे खांब उंच करून घेतले. पावसाळ्यासाठीचं यंत्र उन्हाळ्यात तपासायचं, ही आमच्या खात्याची जुनी रीत आहे.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी पावसाने दडी मारली आणि एका कडक उन्हाच्या दुपारी माझ्या मोबाइलवर निरोप आला की सालईटोल्याला लाल लागला. पाठोपाठ फोन.

"मॅडम, मी गजभिये बोलतो, सालईटोल्याच्या बसचा ड्रायव्हर. लाल लागून राहिला जी. पन नाल्यात पूर काई दिसत नाई. खरा का खोटा?"

आगाराने ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं की लाल असेल तर बस वळवायची. मी म्हटलं, नियमाप्रमाणे करा. त्यांनी बस वळवली. पलीकडची माणसं उन्हात रपटा ओलांडून आली आणि बसला शिव्या घालत चालत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी मी जीप घेऊन गेले.

रपट्याच्या पाइपांच्या तोंडांत रेतीची पोती कोंबलेली होती. मागे नाला तुडुंब, न हलणारा, वर बदकं. काठावर ऑइल इंजिन आणि तिथे हेमराज पटले उभे होते. गावचे माजी सरपंच, मोठे शेतकरी. आपले पूर्वज माळव्यातून इकडे आले, हे ते पहिल्या पाच वाक्यांत सांगतात.

"पटलेभाऊ, हे काय आहे?"

"बंधारा जी."

"हा रपटा आहे."

"पाइप बुजवले का बंधाराच होते न. पानी नाई पडलं. धान निसवाले आला आहे, आता पानी नाई भेटलं तं सारा पोचट होईल."

"अहो, पण त्याने फ्लोट उचलला जातो आणि लाल दिवा लागतो. बस परत जाते."

पटले शांतपणे म्हणाले, "मंग बरोबरच आहे. तुमचा दिवा पानी हाये म्हनून सांगते. पानी तं हायेच."

मी पोती काढायला लावली. जीप वळणाआड जाताच ती परत बसली असणार, कारण संध्याकाळी पुन्हा निरोप आला.

खरी गंमत मला नंतर कळली. सालईटोल्याचे दिवे हे जिल्ह्यातले सगळ्यात नीट राखलेले दिवे होते. बाकीकडे सोलरच्या प्लेटा चोरीला जायच्या, खांबांना म्हशी अंग घासायच्या, वानरं वर बसून घाण करायची. इथे प्लेट रोज पुसलेली, खांबाभोवती काट्यांचं कुंपण. मला वाटलं, चला, एका गावाला तरी काळजी आहे. काळजी होतीच. पाणी साठवलं की इंजिनाचा पाइप बुडेल इतकं ते कधी चढलं, हे दूरच्या बांधीत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. आता होता. लाल दिवा लागला की ज्याची पाळी असेल तो उठायचा आणि इंजिन सुरू करायचा. सरकारने त्यांच्यासाठी सिग्नल बसवून दिला होता आणि ते त्याची मनापासून देखभाल करत होते.

मला राग आला. रागावून उपयोग नव्हता, तरी आला.

मी नोटीस काढली. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवली गेली. पुण्याच्या माणसाला फोन केला, तर तो अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, सेन्सर अगदी अचूक काम करतोय. आपण युजरला एज्युकेट करायला हवं." युजर म्हणजे पटले. साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "फ्लोट वर करून टाका, झंझटच संपेल." मी सांगितलं, साहेब, फ्लोट वर केला तर दिवा लागेपर्यंत पाणी रपट्यावर येईल, मग तो दिवा कशाला? साहेब म्हणाले, "मॅडम, आत्ता तरी कशाला आहे?" त्या दिवशी मी डबा न खाता घरी परत आणला.

याच दिवसांत आणखी एक दुपार आली. मी गोंदियाला मीटिंगमध्ये होते. फोन वाजला. गजभिये.

"मॅडम, लाल आहे जी. डोंगराकडं अंधारून आलं. बसमधी पटलेभाऊ आहेत, ते म्हनतात आमच्याच पोत्यांचं पानी आहे, ने बस. मांगचे लोक पत्रा वाजवून राहिले. सांगा जी, खरा का खोटा?"

मी मीटिंगच्या खोलीतून बाहेर आले. तीस किलोमीटर दूर उभं राहून एका नाल्याबद्दल मी काय सांगणार? ज्या दिव्यामुळे कोणाला काही विचारावं लागू नये, त्याच्याबद्दलच हा माणूस मला विचारत होता, आणि मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "थांबा."

ते थांबले. लोक उतरले, चालत रपटा ओलांडून गेले. पटलेही गेले, जाताना म्हणे ड्रायव्हरला हात जोडून गेले. पाऊस डोंगरापलीकडेच विरला. नाल्याला काहीही आलं नाही. विनाकारण फेरी रद्द केल्याबद्दल गजभियेंना आगारातून मेमो मिळाला, आणि ड्रायव्हरांना तोंडी सांगण्यात आलं की यापुढे दिव्यापेक्षा आपले डोळे वापरा.

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी ते मला स्टँडवर भेटले. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाची वरची बटणंही लावणारे. मला वाटलं मेमोबद्दल बोलतील. मीच आधी माफी मागायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मेमोचं सोडा जी. तुमाले एक सांगतो. तुमचे दिवे नोते तेवा एकदा अशीच बस भरली होती. रपट्यावरून पानी वाहून राहिलं होतं, घोट्याएवढं. मी म्हनलो, नाई नेत. तं मांगून सुरू झाले. कोनी म्हने पोरीची परीक्षा आहे, कोनी म्हने बाईमानूस आहे का रे तू. मी घातली बस. मंधात गेलो अन् मांगचं चाक सरकलं. एवढंसंच सरकलं, मंग धरलं. पलीकडं गेलो तं सारे म्हनतात, पाहा, गेली न? चाक सरकलं ते कोनाले मालूम नाई. मलेच मालूम आहे."

स्टँडवरच्या बसकडे हात करून ते पुढे म्हणाले,

"मले पानी दिसते जी, डोरे आहेत मले. पन साठ लोक मांगं बोंबलतात तेवा मले थांबाचं कारन पाहिजे. मी भेतो म्हनून थांबलो असं नोको. लाल आहे म्हनून थांबलो, असं पाहिजे. तुमचा दिवा खोटं बोलला का मी पुन्हा एकटाच."

एवढं बोलून ते बसमध्ये चढले आणि हॉर्न दिला. इतकी वर्षं मी समजत होते की पाटी माणसाला माहिती देते. ती त्याला आधारही देते, हे मला कोणत्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मला खूप वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली, कोणाची ते कळेना. पटलेंची म्हणावी तर त्यांचा धान खरोखर वाळत होता.

त्याच चिडीत मी पुढच्या काही दिवसांत नाल्याच्या काठाकाठाने वर चालत गेले. पोत्यांमुळे साठलेल्या पाण्याचा फुगवटा एका जागी संपतो आणि नाला पुन्हा आपला वाहता दिसतो. तिथून वर फ्लोट बसवला तर खालच्या पोत्यांचं त्याला काही देणंघेणं नाही. तिथलं पाणी चढेल ते फक्त डोंगरातून पूर आल्यावरच, आणि रपट्यापर्यंत पोचण्याच्या आधी कळेल. लाल दिवा या वरच्या फ्लोटला जोडायचा. फक्त एक अडचण होती. खांब ज्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा करायचा, तो धुरा पटलेंचा होता.

त्यांच्या अंगणात चहा घेत मी विषय काढला. पटले म्हणाले, "खांब उभा करा जी. पन आमचा दिवा?"

"तुमचा कोणता दिवा?"

"लाल वर जोडसान तं आमाले पानी चढलं कसं कळन? काऊन आमाले अंधारात टाकता?"

मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, "देते दिवा. पांढरा. खालचा जुना फ्लोट तुमचा, पांढरा दिवा तुमचा. पण लाल माझा. लाल लागला की ज्याची पाळी असेल त्याने इंजिन वर ओढायचं आणि पोती काढायची. कबूल असेल तर बोला."

"कबूल," पटले म्हणाले. "पन पांढरा जरा मोठा द्या, दुरून दिसाले पाहिजे."

रस्त्याच्या कडेला धानाच्या पाण्यासाठी पांढरा दिवा, अशी तरतूद कोणत्याही नियमावलीत नाही. साहेबांनी विचारलं, हा कशाचा? मी लिहून दिलं, 'यंत्रणा कार्यरत असल्याचा दर्शक दिवा.' साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दिवा एका भंगारात काढलेल्या खांबाचा होता, पिवळी काच काढून पांढरी बसवली.

या वेळी चाचणी पावसाळ्यातच घेतली. पानं असताना, पाणी असताना, मी गुडघाभर चिखलात उभी राहून. दिवा लागला. लाल पहिल्यांदा लागला तेव्हा पाळी पटलेंच्या पुतण्याची होती. आभाळ मोकळं होतं, त्याने काही मनावर घेतलं नाही. थोड्या वेळात नाला लाल मातीचा होऊन आला आणि त्याचं इंजिन घेऊन गेला. ते खूप खाली, गाळात उताणं सापडलं. त्यानंतर सालईटोल्यात लाल दिव्याला कोणी खोटं म्हटलं नाही.

गजभिये मात्र फोन करायचे. दर वेळी. "लाल आहे जी, खरा का खोटा?" मी सांगायचे, आता खरा असतो, आता विचारू नका. "बरं जी," म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा फोन. एकदा मी चिडून म्हटलं, "गजभिये, मी दिवा बसवलाय की स्वतःला?" ते हसले आणि फोन ठेवून थांबले. मी 'खरा' म्हटलं की ते थांबायचे, म्हणजे थांबवत मीच होते. दिवा अजून कामाला लागला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी निरोप आला, सालईटोला लाल. गोंदियात स्वच्छ ऊन होतं. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि वाट बघत बसले. बसच्या फेरीची वेळ झाली. फोन नाही. वेळ टळून गेली. फोन नाही. मी लावला, तर रेंजच्या बाहेर. आगारात लावला, कोणी उचलेना. आता माझ्या डोळ्यांसमोर तो रपटा, भरलेली बस आणि पत्रा वाजवणारे लोक. साहेबांना जीप मागितली. ते म्हणाले, "अहो, निरोप आलाय ना, यंत्रणा चालू आहे." मी चावी घेतली आणि निघाले. रस्ताभर मी त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावत होते. इतके दिवस नको तेव्हा फोन, आणि आज नाही.

वळण आलं. लाल दिवा उन्हात लुकलुकत होता. त्याच्या खाली बस उभी होती, तोंड परतीच्या दिशेने वळवून. लोक मोहाखाली बसले होते, कोणी शेंगदाणे खात होतं. पुढे रपटा दिसत नव्हता, नुसतं तांबडं पाणी होतं आणि त्यावरून एक अख्खं झाड गोल गोल फिरत गेलं. काठावर पटले आणि काही माणसं इंजिनाला दोर बांधून बसली होती. पत्रा कोणी वाजवत नव्हतं.

गजभिये ड्रायव्हरच्या सीटवर डबा उघडून भात खात होते. मला बघून उठायला लागले.

"फोन का नाही केलात?" मी विचारलं. माझा आवाज चांगलाच चढला होता.

त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला आणि जरा गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"कायले करू जी? लाल होता न."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं झिजत होते. ते ऐकलं आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "म्हणून काय झालं, एक फोन करायला काय जातं तुमचं?" गजभियेंनी नेहमीसारखं "बरं जी" म्हटलं, आणि भात संपवायला बसले.